पाच मिनिटांचा हिशेब

महाड ते पोलादपूर जेमतेम वीस किलोमीटर. ताशी ऐंशीने गेले तर पंधरा मिनिटे लागतात, साठने गेले तर वीस. महामार्ग चौपदरी झाल्यापासून या पट्ट्यातून जाणारा जवळजवळ प्रत्येक गाडीवाला ही पाच मिनिटे वाचवतो. वाचवून त्यांचे काय करतो, हे विचारू नये. बहुधा पुढे कुठेतरी चहाला थांबतो आणि तिथे घालवतो. पण त्याच वीस किलोमीटरवर पहाटे कोणीतरी कॅरियरला पावाची पेटी बांधून निघालेला असतो, कोणी रात्रपाळी संपवून एमआयडीसीतून भाड्याच्या खोलीकडे परतत असतो, कोणी दप्तर पाठीला लावून फाट्याकडे निघालेली असते. त्यांच्या बाजूने हिशेब मांडला की या पाच मिनिटांची किंमत फारच वेगळी निघते.

या भागातल्या माणसाला रस्त्यावरच्या मरणाची ओळख करून द्यायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा, सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसटी बसगाड्या व काही खासगी वाहने काळोखात थेट पाण्यात उतरली. पुढे कित्येक दिवस मृतदेह खाडीच्या दिशेने दूरदूर सापडत राहिले. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांना घेऊन महाबळेश्वरला निघालेली बस पोलादपूरच्या वर आंबेनळी घाटात दरीत कोसळली. एक जण वाचला, बाकी सगळे गेले. जानेवारी २०२३ मध्ये माणगावजवळ रेपोली इथे ट्रक आणि व्हॅनची धडक होऊन एकाच कुटुंबगोतातली माणसे गेली. या घटना तारखांसकट लोकांच्या तोंडी आहेत. सावित्रीचा नवा पूल तर १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या. मनात आणले की सरकारी यंत्रणा किती वेगाने हलते, हे महाडकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

एकेकट्याने येणाऱ्या मरणाला मात्र तारीख मिळत नाही. सायकलवाला गेला की जिल्हा पानावर तीन ओळी येतात, ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत’ अशा सुरुवातीच्या. फाट्यावर दोन दिवस चर्चा होते. त्याची वेळ भरली होती, असे कोणी म्हणतो, दिवा नव्हता हो त्याच्या सायकलला, असे कोणी सांगतो आणि विषय संपतो. चाळीस माणसे एका रात्रीत गेली तर पूल नवा होतो. तीच चाळीस माणसे दहा वर्षांत एकेक करून गेली तर काहीच होत नाही. दुसऱ्या प्रकारचे मरण पहिल्याइतकेच टाळता येण्यासारखे असते, किंबहुना अधिक. पूर कोणाच्या हातात नव्हता. गाडीचा वेग चालकाच्या उजव्या पायात असतो.

केंद्राच्या रस्ते-अपघात अहवालातले देशाचे आकडे पाहिले तर २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती आणि सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक. एकूण आकड्यात सायकलस्वारांचा वाटा लहान दिसतो, म्हणून कोणी म्हणेल की एवढा गाजावाजा कशाला. पण हा वाटा लहान आहे त्याचे एक मोठे कारण म्हणजे रस्त्यावर सायकलच उरलेली नाही. ज्याला परवडले तो मोटरसायकलवर गेला, आणि तिथे जाऊन मेला: त्याच वर्षी मृतांपैकी साधारण चव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे होते. (अ‍ॅटलसचा साहिबाबादचा सायकल कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता. असे योग कथेत घातले तर संपादक काट मारतात.) त्याच अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात नोंदवले आहेत. हा रकाना पोलिसांना भरायला सोपा असतो, रस्त्याची चूक शोधायचा त्रास वाचतो, हे मला मान्य आहे. तरी रकाना थोडा फुगवलेला धरला, तरी त्यातून वेग वजा करता येत नाही.

आता आमच्याकडे सायकल चालवतो कोण, हे पाहू. पोलादपूर तालुका डोंगराचा. वरच्या वाडीवर सायकल न्यायची म्हणजे अर्धी वाट ती हातात धरून ढकलायची. त्यामुळे सायकल चालते ती सपाटीवर. सपाटी म्हणजे सावित्रीचे आणि गांधारीचे खोरे, आणि खोऱ्याच्या मधोमध महामार्ग. कोकणात सपाट जागा आधीच थोडी. भात तिथेच, घरे तिथेच, रेल्वे तिथेच आणि रस्ताही तिथेच. म्हणजे ज्या चिंचोळ्या पट्ट्यात माणसाला पायाने पॅडल मारत जाता येते, नेमका तोच पट्टा आपण ऐंशी-शंभरच्या वेगाला दिला. शहरातल्या लोकांना वाटते सायकलवाल्याने महामार्गावर येऊच नये, त्याच्यासाठी आतला रस्ता आहे ना. आतला रस्ता नाही. जुना रस्ताच रुंद करून हा महामार्ग झाला आहे. दासगाव, वहूर, नांगलवाडी, राजेवाडी, लोहारे या गावांची एकमेकांकडे जायची वाट तीच होती. बाजाराला, शाळेला, देवळाला, दवाखान्याला जाणारे त्याच वाटेने जात होते आणि आजही जातात. एकेकाळी या खोऱ्याचा माल दासगावच्या बंदरातून गलबतांनी जायचा. मग रस्ता आला, मग त्याला १७ क्रमांक मिळाला, पुढे तो बदलून ६६ झाला. क्रमांक बदलले म्हणून वहूरच्या बाईला दुसरी वाट फुटली नाही.

पाववाला घ्या. कोकणातल्या कुठल्याही गावात सकाळ त्याच्या रबरी भोंग्याने होते. मागे मोठी पेटी, तिच्यावर ताडपत्री, हँडलला दोन्ही बाजूंना खारी-टोस्टच्या पिशव्या. अशा भरलेल्या सायकलचा तोल सांभाळायचा तर ती सरळ रेषेत आणि हळूच न्यावी लागते. कडेला घे म्हटले म्हणून चटकन कडेला घेता येत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांनी आता मोटरसायकली घेतल्या. जे राहिले ते वयाने मोठे आहेत किंवा ज्यांना हप्ता झेपत नाही असे. दुसरा गट एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांचा. बिरवाडीकडे, नांगलवाडीकडे खोल्यांमधून तीन-चार जण मिळून राहणारी, बरीचशी परप्रांतातून आलेली माणसे. सायकल एक आणि पाळ्या वेगवेगळ्या असल्या की एकच सायकल तिघांत फिरते. ती कोणाचीच नसते, म्हणून तिचा ब्रेक दुरुस्त करणे कोणाचेच काम नसते. तिसरा गट मुलांचा. चौथा गट हौशी सायकलपटूंचा, मुंबई-पुण्याहून हेल्मेट, दिवे, रंगीत जर्सी घालून येणारा. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठणे हा त्यांच्यात अभिमानाचा विषय असतो, आणि असावाही. समुद्रसपाटीला टेकलेल्या गावातून एका दमात तेराशे मीटरवर जायचे म्हणजे चेष्टा नाही.

या चौथ्या गटाबद्दल स्थानिक लोक थोडे हसतात. एवढ्या पैशात मोटरसायकल आली असती, असे म्हणतात. पण त्यांच्यामुळे एक गोष्ट उघड होते. अपघात झाला की सायकलवाल्यालाच शिकवले जाते: दिवा लाव, भडक कपडे घाल, डावीकडून चाल. २८ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावर अवतार सैनी सायकलवरून जात असताना टॅक्सीने त्यांना मागून धडक दिली आणि ते गेले. इंटेलच्या भारतातल्या कामाचे ते माजी प्रमुख; ३८६, ४८६ आणि पेंटियम या चिप ज्यांच्या हाताखाली घडल्या त्यांपैकी एक. सोबत इतर सायकलस्वार होते, रस्ता रुंद होता, खांबांवर दिवे होते. एवढे सगळे असून जे थांबले नाही, ते वहूरच्या वळणावर एका लाल रिफ्लेक्टरने थांबेल, असे समजणे भाबडेपणाचे आहे. रिफ्लेक्टर लावावाच, त्याविषयी वाद नाही. फक्त तो लावला की आपली जबाबदारी संपली, असे मागून येणाऱ्याने धरू नये.

महामार्गाच्या कडेचा तो हातभर पट्टा गाडीतून नीट दिसत नाही, म्हणून जरा वाकून पाहायला हवा. डांबराच्या किंवा काँक्रिटच्या कडेला पांढरी रेघ असते. रेघेच्या बाहेर कुठे दीड फूट, कुठे वीतभर जागा, आणि मग साइडपट्टी सुरू होते. ती रस्त्याच्या पातळीत असेल तर नशीब. पावसाळ्यानंतर ती बहुतेक ठिकाणी चार-सहा बोटे खाली गेलेली असते, तिच्यावर खडी, वाळू, फुटलेल्या टायरचे तुकडे, डंपरमधून सांडलेला मुरूम. मागून टँकरचा हॉर्न आला की गाडीवाल्याला वाटते याने सरळ खाली उतरावे. पण पुढचे चाक त्या कडेवरून तिरके खाली गेले की सायकल आडवी होते, आणि आडवी होते ती बहुधा रस्त्याच्या बाजूला. म्हणून अनुभवी सायकलवाला हॉर्न ऐकूनही रेघ सोडत नाही. गाडीवाला त्याला आडमुठा म्हणतो. मग मोठी गाडी एक हात अंतरावरून निघून जाते. आधी हवेचा लोट बाहेर ढकलतो, आणि मागचे चाक पुढे सरकताच तीच हवा आत ओढते. भरल्या पेटीची सायकल त्या क्षणी हेलकावते. धक्का लागलेलाच नसतो, तरी माणूस पडतो. अशा पडण्याची नोंद ‘सायकल घसरून’ अशी होते.

दुभाजकाने नवा पेच टाकला आहे. समोरासमोरच्या धडका टाळण्यासाठी तो हवाच, त्याने जीव वाचले आहेत. पण रस्त्याच्या एका अंगाला वाडी आणि दुसऱ्या अंगाला शाळा, अशी आमची गावे आहेत. दुभाजकातला कट एक-दोन किलोमीटर पुढे असेल, तर पायाने पॅडल मारणारा तेवढे पुढे जाऊन, वळून, तेवढेच मागे येईल, अशी अपेक्षा धरणारा माणूस कधी सायकलवर बसलेला नाही. तो एकतर सायकल उचलून दुभाजकावरून पलीकडे ठेवतो, नाहीतर कडेकडेने उलट्या दिशेने येतो. राँग साइडने येणारा सायकलवाला हा बेशिस्तीचा ठरलेला नमुना म्हणून दाखवला जातो. बेशिस्त आहे, पण ती आधी नकाशात आली आणि मग त्याच्या अंगात. दिल्ली आयआयटीत दिनेश मोहन आणि गीतम तिवारी यांनी वर्षानुवर्षे हेच मांडले, की आपल्या महामार्गांवर मरणाऱ्यांत पायी, सायकलवर आणि दुचाकीवर असलेल्यांचा वाटा मोठा असतो, कारण आपले महामार्ग वस्तीतून जातात, आणि म्हणून परदेशातला आराखडा उचलून इथे चालणार नाही. मोहन कोविडमध्ये २०२१ साली गेले. त्यांचे म्हणणे अजून बऱ्याच निविदांपर्यंत पोचायचे आहे.

पुन्हा वेगाकडे येतो, कारण हिशेब तिथेच अडतो. ताशी ऐंशी म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर गाडी तेहतीस मीटर पुढे गेलेली असते; ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी तितकीच जागा लागते. एकूण साठ-सत्तर मीटर. ताशी चाळीसला हेच काम पंचवीस मीटरमध्ये होते. डिप्परवर गाडीचा दिवा साधारण चाळीस-पन्नास मीटरपर्यंतच नीट दाखवतो. म्हणजे समोरून गाड्या येत असताना डिप्पर मारून ऐंशीने जाणारा माणूस आपल्या दिव्याच्या पलीकडे गाडी चालवत असतो. त्याला थांबायला जेवढी जागा लागते तेवढी दिसतच नाही. जे दिसत नाही त्यात कोणी नसेल, या भरवशावर तो चाललेला असतो. भर पावसात, काचेवरचे वायपर धापा टाकत असताना, ओल्या रस्त्यावर, हा भरवसा जुगारच होतो. आणि महाडचा पाऊस म्हणजे काय चीज आहे ते २२ जुलै २०२१ च्या पुरात सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, हे आपण शाळेत पाठ केलेले असते: वेग दुप्पट तर जोर चौपट. पत्र्याच्या आत बसलेल्याला त्यातला थोडाच जाणवतो. उरलेला सायकलवरच्या साठ किलोच्या माणसाने घ्यायचा असतो.

यात एक गोष्ट अडचणीची आहे. ऐंशी हा वेग बेकायदा नाही. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी शंभरची मुभा आहे, मालवाहू गाडीला ऐंशीची. म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून, दारू न पिता, मोबाइल न पाहता, परवाना खिशात ठेवूनही पाववाल्याला उडवता येते. जबाबदार चालकाची आपली कल्पना नियम पाळणाऱ्यापाशी थांबते. पाटीवर लिहिलेला आकडा ही वरची हद्द असते, गाठायची पातळी नव्हे. पण पाटी वाचून कोणी वेग कमी केल्याचे आपण कधी पाहिले आहे का? चांगला चालक समोरचा रस्ता वाचतो. फाटा आला, टपरी आली, कडेला एसटीची वाट पाहणारी माणसे दिसली, शाळेची वेळ झाली, की त्याचा पाय आपोआप उचलला जातो. एसटीत असे चालक अजून आहेत. पंचवीस वर्षे विनाअपघात सेवा केलेल्या चालकांचा महामंडळ सत्कार करते. त्या सत्काराची बातमी क्वचितच छापून येते, आणि त्यांच्यापैकी कोणाला चालक-प्रशिक्षण शाळेत शिकवायला बोलावल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

कायदा कडक करा, अशी मागणी प्रत्येक मोठ्या अपघातानंतर होते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याला पूर्वी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत गेली. धडक देऊन पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत, अशीही तरतूद केली होती. त्यावर जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि ती तरतूद लागू न करताच बाजूला ठेवली गेली. चालकांचे म्हणणे सरसकट खोटे नव्हते. थांबलो तर जमाव मारतो, ही त्यांची भीती खरी आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालतो. गोव्याहून निघालेल्या ट्रकच्या चालकाला ही मर्यादा कोणी सांगितली असेल तर मालकाने नक्कीच नाही. ठरल्या वेळेत माल पोचला नाही तर भाड्यात काट बसते. झोपेने जड झालेले डोळे, मालकाचा फोन आणि कित्येक टन लोखंडाची घाई, असे सगळे मिळून पाववाल्याच्या पाठीवर येते. त्या चालकाला दहा वर्षे आत टाकून मालकाचे वेळापत्रक बदलणार नाही. उलट स्वतःच्या मोटारीतून गणपतीला निघालेल्या, कोणाच्याही वेळापत्रकाने न बांधलेल्या माणसाची घाई मला अधिक अक्षम्य वाटते. त्याच्यामागे कोण लागले आहे?

सायकलवाल्याकडे कायद्याने लक्ष दिले नाही असे मात्र नाही. पूर्वी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसेल तर शिपाई हवा सोडून देई, डबलसीट दिसले की दंड. तो काळ गेला, पण संशय तसाच राहिला. माणूस मेल्यावर पंचनाम्यात त्याच्या सायकलची तपासणी होते: ब्रेक होते का, दिवा होता का, रेघेच्या आत होता की बाहेर. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे गेला की विमा कंपनीचा वकील तिथूनच सुरुवात करतो आणि मृताचाही निष्काळजीपणा होता, असे म्हणून भरपाईतून टक्के कापून मागतो. धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून पूर्वी पंचवीस हजार मिळत; १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख. रक्कम वाढली हे चांगले झाले. ती मिळवायला अर्ज करावा लागतो, हे ज्याला ठाऊक नाही असा परप्रांतातून आलेला खोलीतला सोबती मात्र मृतदेह गावी कसा पाठवायचा याच्या विवंचनेत असतो.

नेदरलँड्समध्ये याच्या उलट नियम आहे. मोटार आणि सायकल यांची धडक झाली तर भरपाईची जबाबदारी मुळात मोटारवाल्याची. सायकलवर चौदा वर्षांखालचे मूल असेल तर त्याची चूक मोजायची नाही. हा शहाणपणा त्यांच्यात उपजत नव्हता. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मुलांची हत्या थांबवा, असे थेट नाव घेऊन आईबाप रस्त्यावर बसले, आणि मग वाहतुकीचे धोरण बदलायला लागले. त्यामागचा विचार मला उसना घ्यावासा वाटतो: ज्याच्या हातात जड वस्तू आहे, त्याने जास्त सांभाळायचे. आपल्या गावात बैलगाडीवाला पोराला पाहून कासरा ओढतो, तेव्हा चूक कोणाची हे तो ठरवत बसत नाही.

आणि महाडमध्ये बसून सार्वजनिक वाटेबद्दल लिहायचे, तर चवदार तळ्याची आठवण टाळता येत नाही. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातले सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी ठराव करून तळे खुले केले. कागद सगळे चोख होते. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर जाईपर्यंत त्या ठरावाचा घोटभर उपयोग झाला नव्हता, आणि गेल्यावर काय झाले तेही सर्वांना माहीत आहे: मारहाण, तळ्याचे ‘शुद्धीकरण’, आणि १९३७ पर्यंत चाललेला खटला. ही तुलना ताणायची नाही. जातीने केलेला अपमान आणि रस्त्यावरची गैरसोय एका मापाने मोजणे हा त्या लढ्याचा उपमर्द होईल. पण त्या लढ्याने या गावाला जो प्रश्न विचारायला शिकवले तो अजून जिवंत आहे. सार्वजनिक म्हटलेली वस्तू प्रत्यक्षात कोण वापरू शकतो? महामार्ग सायकलला बंद आहे असे कुठल्याही कागदावर लिहिलेले नाही. तो बंद होतो तो भीतीने. बाप मुलीला म्हणतो, सायकल राहू दे, एसटीने जा. एसटी चुकली की त्या दिवशी शाळा चुकते. २०२१-२२ च्या संपात एसटी महिनोन्‌महिने बंद होती, तेव्हा वाडीवरच्या मुलींचे काय झाले असेल याचा हिशेब कुठल्याही अपघात-अहवालात येणार नाही, कारण त्या मेल्या नाहीत. त्या फक्त रस्त्यावरून नाहीशा झाल्या.

काय करता येईल, हे सांगणे फार अवघड नाही. गावांपाशी सलग सर्व्हिस रोड, आणि तो फाट्यापाशी तुटू न देता पुढे नेणे. पलीकडे जायला सायकल ढकलत नेता येईल असा भुयारी मार्ग, ज्यात पावसाळाभर पाणी साचणार नाही. साइडपट्टी रस्त्याच्या पातळीत आणून पावसाळ्यानंतर पुन्हा भरणे. रस्त्याची आखणी चुकली म्हणून जीव गेला तर ठेकेदाराला आणि सल्लागाराला दंड करण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात, कलम १९८ अ मध्ये आली आहे. दंडाची कमाल रक्कम एक लाख रुपये आहे, म्हणजे कोट्यवधींच्या ठेक्यात चहापाण्याची. पण बांधकामाला वर्षे लागतात आणि या महामार्गाची वर्षे कशी मोजायची हे कोकणी माणसाला सांगायला नको. २०११ मध्ये पनवेलकडून चौपदरीकरण सुरू झाले तेव्हा पहिलीत असलेली मुले आता नोकरी शोधत आहेत.

वेगाला मात्र सिमेंट लागत नाही. दरवर्षी गणपती आले की मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांना बंदी घालणारा आदेश निघतो, तारखा-वेळांसह. चाकरमान्यांच्या गाड्या अडकू नयेत म्हणून निघतो, आणि तो पाळलाही जातो. वर्षातले काही दिवस, काही तास, काही वाहने थांबवता येतात, हे शासनाने स्वतःच सिद्ध करून दाखवले आहे. मग एमआयडीसीत पाळी बदलते त्या वेळी नांगलवाडी आणि राजेवाडीच्या पट्ट्यात ताशी चाळीस का नको? शाळा भरताना आणि सुटताना वहूर-दासगावला का नको? मोटार वाहन कायद्याचे कलम ११२ राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला सार्वजनिक सुरक्षेसाठी एखाद्या रस्त्यावर कमी वेगमर्यादा ठरवण्याचा अधिकार देते. राजपत्रात अधिसूचना काढायची आणि पाट्या लावायच्या. पाटीने कोणी थांबत नाही हे मी वर म्हटलेच आहे, म्हणून तिच्यासोबत कॅमेरा हवा आणि रस्त्यावर खडबडीत पट्टे हवेत. पण अधिसूचनेशिवाय कॅमेऱ्याने चाळीसचा दंड करता येत नाही. सुरुवात तिथूनच करावी लागते.

त्यासाठी लागणारी माहिती सगळी इथेच आहे. पाळ्यांच्या वेळा कारखान्यांच्या हजेरीपटात आहेत, मुलांची गावे शाळांच्या पटावर आहेत, कोणत्या फाट्यावर कोण गेले हे महाड आणि पोलादपूरच्या पोलीस ठाण्यांतल्या दप्तरात आहे. दहा वर्षांचे ते दप्तर एकदा नकाशावर मांडले तर ठिपके कुठे दाट पडतात ते दिसेल, आणि ते दिसले की कुठल्या दोन-तीन किलोमीटरला आधी हात घालायचा हे ठरवायला तज्ज्ञ समितीची गरज पडणार नाही. महामार्गालगतच्या पाच-सहा ग्रामपंचायतींनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एकाच मजकुराचा ठराव घेऊन तो जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवला, तर समितीकडे त्याचे लेखी उत्तर मागता येते. ठरावात फाट्याचे नाव, वेळ आणि ताशी चाळीस, एवढे लिहिले तरी पुरे.